खुराड्यातली उतरंड, कळपातली अक्कल

वाचकांचे प्रश्न : प्राणिवर्तन

खानदेशातील वाचकांकडून गेल्या काही आठवड्यांत जी पत्रे आली, त्यांतील बरेच प्रश्न एकाच दिशेचे होते : प्राण्यांमध्ये वरचढ कोण हे कसे ठरते, ते प्राण्यांना कसे कळते, आणि वरचढ असणारा प्राणी हुशारही असतो का. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रे लांब होती. मुख्य मुद्दा ठेवून ती आटोपशीर केली आहेत.

परसात आमच्या बारा-पंधरा गावरान कोंबड्या आहेत. बाजारातून आणखी तीन तलंगा आणल्या, तर जुन्या कोंबड्यांनी त्यांना दाण्याला तोंड लावू दिले नाही आणि एकीचा तुरा टोचून रक्ताळला. आमच्याच भागातील पोल्ट्रीत हजारो पक्षी राहतात, तेथे अशी भांडणे का दिसत नाहीत? (एक वाचक, नवापूर)

आपल्या जुन्या कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे हे ठरून गेलेले होते. नव्या तलंगांची जागा मात्र कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ती ठरेपर्यंत मारामारी होणारच. नॉर्वेतील थॉर्लेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांच्या अशा टोचाटोचीच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि १९२२ मध्ये त्यांवर आधारलेला अभ्यास जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांतील एक टोचते आणि दुसरी सोसते. दुसरी सहसा उलटून टोचत नाही. अशा सगळ्या जोड्या एकाखाली एक मांडल्या की वरपासून खालपर्यंत उतरंड दिसू लागते. पण ही उतरंड नेहमी सरळ नसते, हेही त्यांनीच नोंदवले. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला टोचते आणि तिसरी पुन्हा पहिलीलाच टोचते, असे त्रिकोण त्यांना आढळले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या नोंदींत हा त्रिकोण सर्वांत बोलका आहे, कारण वरचढपणा हा वजनाप्रमाणे प्रत्येक कोंबडीच्या अंगचा गुण असता तर असा त्रिकोण संभवलाच नसता. वरचढपणा दोघींच्या संबंधात असतो, आणि तो संबंध त्या दोघींना आधी शिकावा आणि मग लक्षात ठेवावा लागतो.

लक्षात ठेवायचे म्हणजे ओळख पटली पाहिजे. कोंबडी दुसरीला मुख्यतः डोके, तुरा आणि मान यांवरून ओळखते. एखाद्या कोंबडीच्या तुऱ्याचे रूप बदलले, की तिच्या नेहमीच्या सोबतिणी तिच्यावर परकी समजून तुटून पडतात, हे १९५० च्या दशकातील अमेरिकन प्रयोगांत दिसून आले. आजारी पडलेली कोंबडी बरेच दिवस वेगळी ठेवून परत सोडली तर तिची जागा तिला पुन्हा भांडून मिळवावी लागते, असा अनुभव आपल्याकडील अनेक घरांत असेल. त्यामागचे कारण हेच आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट कॅनडातील एका प्रयोगात दिसली, जो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कोंबडीला असे दृश्य दाखवले, की तिच्यावर नेहमी दादागिरी करणारी सोबतीण एका परक्या कोंबडीकडून मार खात आहे. नंतर त्या परक्या कोंबडीशी गाठ घालून दिली तेव्हा पाहणाऱ्या कोंबडीने तिच्यावर चाल केली नाही, निमूट माघार घेतली. उलट जिने आपल्या दांडग्या सोबतिणीला परकीवर मात करताना पाहिले होते, ती कोंबडी त्या परकीशी लढायला धजावली. स्वतः एकही टोच न खाता, केवळ दुसऱ्यांचे भांडण पाहून आपले काय होईल याचा अंदाज कोंबडीने बांधला. जिच्या बुद्धीची आपण नेहमी चेष्टा करतो, त्या कोंबडीबद्दल हे वाचल्यावर माणूस जरा सावरून बसतो.

आता पोल्ट्रीकडे वळू. दहा-पंधरा जणींच्या खुराड्यात प्रत्येकीने प्रत्येकीला ओळखणे शक्य असते आणि फायद्याचेही असते. शेकडो किंवा हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये आज भेटलेला पक्षी पुन्हा कधी समोर येईल याची शाश्वती नसते, म्हणून त्याच्याशी भांडून संबंध ठरवण्यात काही हशील नसते. मोठ्या गटातील कोंबड्या अनोळखी पक्ष्यांना अधिक सहन करतात आणि प्रसंग आलाच तर तुऱ्याचा आकार, अंगलोट अशा वरवरच्या खुणांवर भागवतात, असे इंग्लंड आणि स्वीडनमधील अभ्यासकांचे निष्कर्ष आहेत. पिंजऱ्यात मात्र प्रत्येक कप्प्यात मोजकेच पक्षी असल्याने तेथे लहान गटाचेच नियम लागू होतात.

एक सावधगिरी येथे नोंदवली पाहिजे. पोल्ट्रीत पक्षी एकमेकांची पिसे उपटतात, कधी कातडी फोडतात, तो प्रकार उतरंडीचा नव्हे. जमिनीत चोचीने उकरण्याची कोंबडीची जी स्वाभाविक ओढ आहे, ती भागवायला काही नसले की ती सोबतिणीच्या पिसांकडे वळते. खाद्यातील प्रथिनांची, विशेषतः मेथिओनिन या प्रथिनघटकाची कमतरता, फार प्रखर उजेड आणि दाटी यांमुळे ती वाढते. म्हणून चोच छाटल्याने जखमा कमी झाल्या तरी मूळ कारण तसेच राहते.

आपल्या तीन तलंगांसाठी उपाय सोपा आहे. नवे पक्षी आधी काही आठवडे पूर्णपणे वेगळे ठेवावेत. देशातील बर्ड फ्लूची पहिली लागण २००६ मध्ये आपल्याच नवापुरात सापडली होती, तेव्हा रोगाच्या दृष्टीने या वेगळेपणाचे महत्त्व आपल्याला सांगायला नको. त्यानंतर काही दिवस मध्ये जाळी ठेवून दोन्ही बाजूंना एकमेकींना पाहू द्यावे. मग तिघींना एकदम, शक्यतो संध्याकाळी अंधार पडताना, खुराड्यात सोडावे आणि सकाळी दाणे एका ठिकाणी न टाकता तीन-चार ठिकाणी पसरावेत, म्हणजे खालच्या पायरीवरच्या कोंबडीला पळायलाही जागा राहते आणि खायलाही.

अ हा ब पेक्षा मोठा, ब हा क पेक्षा मोठा, म्हणून अ हा क पेक्षा मोठा, असा तर्क प्राण्यांना करता येतो का? (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर)

ज्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान केंद्र आहे, त्या गावातून हा प्रश्न यावा हे साजेसेच आहे. याचे सर्वांत नेटके उत्तर एका माशाने दिले आहे. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात बर्टोनी नावाचा सिक्लिड कुळातील लहान मासा आढळतो. त्याचे नर जागेसाठी सतत झुंजतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लोगन ग्रोसेनिक, रसेल फर्नाल्ड आणि सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका नराला मधल्या टाकीत ठेवून शेजारच्या टाक्यांतील झुंजी दाखवल्या. त्याने पाहिले ते एवढेच, की अ ने ब ला हरवले, ब ने क ला, क ने ड ला आणि ड ने इ ला. मग त्याच्या एका बाजूला अ आणि दुसऱ्या बाजूला इ ठेवला, आणि पुढे ब आणि ड असे ठेवले. हे नर दोघांतील दुबळ्याच्या जवळ राहणे पसंत करतात, म्हणून पाहणारा कोणाकडे सरकतो यावरून तो कोणाला दुबळा मानतो हे कळते. अ आणि इ यांच्या बाबतीत निवड सोपी होती, कारण अ कधी हरला नव्हता आणि इ कधी जिंकला नव्हता. खरी कसोटी ब आणि ड यांची होती : दोघांनीही एकेक झुंज जिंकली होती आणि एकेक हरली होती, आणि त्या दोघांची आपसांतील झुंज पाहणाऱ्याने कधीच पाहिली नव्हती. तरीही मासा ड कडे सरकला.

याआधी २००४ मध्ये अमेरिकेतील पिन्यन जे या कावळ्याच्या कुळातील पक्ष्यांवर असाच प्रयोग झाला होता. परक्या पक्ष्याने आपल्या ओळखीच्या वरचढ पक्ष्याला हरवलेले पाहिले, की पाहणारा पक्षी पुढे त्या परक्यासमोर पहिल्याच भेटीत नमते घेत असे.

यावरून मासा तर्कशास्त्र जाणतो असे म्हणण्याचा मोह होतो, पण येथे थोडे थांबावे. प्रयोगशाळेत धान्याच्या बक्षिसावर शिकवलेली कबुतरेही अशा स्वरूपाच्या कसोट्यांना उतरतात, आणि त्यांच्या बाबतीत साध्या साहचर्याचे, म्हणजे कोणत्या चिन्हासोबत कोणते चिन्ह किती लाभदायक ठरले याच्या साठवणीचे, स्पष्टीकरणही देता येते. प्राण्याने योग्य उत्तर दिले म्हणून तो आपल्याच वाटेने तेथे पोहोचला असेल असे नाही. मला स्वतःला यातील कळीची बाब वेगळी वाटते : जे प्राणी उतरंडीत जगतात, त्यांना ही आकडेमोड रोजच्या जगण्यासाठी लागते. प्रत्येकाशी भांडून आपली जागा ठरवायची तर अंगावर जखमाच जास्त होतील. पाहून शिकणारा त्यातून वाचतो.

माझ्या कळपात एक दुबळी शेळी आहे. गव्हाणीवर तिला कोणी उभे राहू देत नाही. पण कुंपणातील फट सर्वांआधी तीच शोधते आणि दांडगी शेळी पाठमोरी असेल तेव्हाच पेंडीला तोंड लावते. वडील तिला लबाड म्हणतात, मी हुशार म्हणतो. कोणाचे बरोबर? (एक शेळीपालक, साक्री तालुका)

आपला प्रश्न जर्मनीतील लायपझिग येथील संशोधकांनी अगदी याच प्राण्यावर तपासला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. युलियाना कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक वरचढ आणि एक खालच्या पायरीवरची अशा दोन शेळ्या समोरासमोर आणल्या. खाद्याचा एक तुकडा दोघींना दिसेल असा ठेवला. दुसरा आडोशामागे ठेवला, जो फक्त दुबळ्या शेळीला दिसत होता. ज्या दुबळ्या शेळ्यांना त्या प्रयोगात वरचढ शेळीचा मार बसला होता, त्या आडोशामागच्या तुकड्याकडे गेल्या. ज्यांना मार बसला नव्हता, त्यांनी उघड्यावरचा तुकडाच आधी पसंत केला. हे दुसरे वर्तन मूर्खपणाचे वाटेल. पण ढुशी बसण्याची भीती नसेल तर ज्यावर दुसरीचा डोळा आहे तो घास आधी उचलणे आणि झाकलेला मागून खाणे यातही हिशेब असू शकतो. म्हणजे दुसरीला काय दिसते आणि आपल्याला तिच्याकडून काय सोसावे लागले, या दोन्ही गोष्टी शेळीच्या निवडीत उतरतात.

असाच प्रकार चिंपांझींमध्ये त्याआधी पाहिला गेला होता. एमिल मेन्झेल यांनी १९७० च्या दशकात सांगितलेली बेल आणि रॉक यांची हकीकत तर प्रसिद्धच आहे. आवारात खाऊ कोठे पुरला आहे हे फक्त बेल या मादीला दाखवत. ती सर्वांना तेथे घेऊन जाई. पण रॉक हा दांडगा नर तिला बाजूला सारून सगळा खाऊ घेऊ लागला. तेव्हा बेल खाऊच्या जागेवर नुसती बसून राहू लागली. रॉकने तिला उठवून तेथे शोधायला सुरुवात केली. मग ती थोडे अलीकडेच बसू लागली आणि तो दुसरीकडे पाहत असेल तेव्हाच पुढे सरकू लागली. यावर रॉकने दुसरीकडे पाहत असल्याचे दाखवून एकदम मागे वळण्याची युक्ती काढली. या चढाओढीत दोघेही शिकत होते, पण सुरुवात प्रत्येक वेळी खालच्या पायरीवरून झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खालच्या पायरीवरचा प्राणी नव्या वाटा का शोधतो, याचे एक साधे कारण भूक हे आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे पाण्याच्या टाक्यांत सोडतात त्या गप्पी माशांवर केव्हिन लॅलंड आणि सायमन रीडर यांनी १९९९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. नव्या प्रकारच्या अडथळ्यातून अन्नापर्यंत पोहोचण्यात पोट भरलेल्यांपेक्षा भुकेले मासे, आणि मोठ्यांपेक्षा लहान मासे पुढे होते. ज्याला गव्हाणीवर जागा मिळते त्याला कुंपणाची फट शोधण्याची गरजच पडत नाही.

मात्र दुबळा प्राणी जे जाणतो ते तो नेहमी दाखवतोच असे नाही, आणि येथे अनेक पशुपालकांची फसगत होते. क्रिस्टीन ड्रिया आणि किम वॉलेन यांनी १९९९ मध्ये ऱ्हीसस या लालतोंड्या माकडांवरील एक निरीक्षण प्रसिद्ध केले. कोणत्या रंगाच्या पेटीत खाऊ असतो हे ओळखण्याचे काम माकडांना दिले होते. सगळी टोळी एकत्र असताना खालच्या दर्जाची माकडे या कामात फार मागे पडत. त्यांनाच वेगळे काढून तपासले तर ती वरच्या दर्जाच्या माकडांइतकीच चांगली कामगिरी करत. वरच्या दर्जाच्या माकडांच्या कामगिरीत मात्र एकत्र असण्याने वा वेगळे असण्याने फरक पडत नव्हता. खालच्यांना ते काम येत होते. वरिष्ठांच्या देखत ते केले नाही एवढेच. वर्गात, कार्यालयात, पंगतीत असे काही दिसते का, याचा विचार वाचकांनी आपापल्या परीने करावा.

तेव्हा वडिलांचे आणि आपले म्हणणे एकमेकांच्या विरोधात नाही. आपल्याला एखादी शेळी शिकते किंवा शिकत नाही असे ठरवायचे असेल, तर तिला कळपातून बाजूला घेऊन पाहावे, आणि तिचे वजन घटत असेल तर गव्हाण लांब करावी किंवा दुसरी मांडावी. गव्हाणीवर सर्वांना एकाच वेळी उभे राहता आले की उतरंड तशीच राहते, पण तिची झळ कमी होते.

केळीच्या बागेत वानरांची टोळी येते. तिचा म्होरक्या असलेला मोठा नर पकडून दूर सोडला तर टोळी येणे थांबेल का? फटाक्यांचा आता काही उपयोग होत नाही. (एक केळी उत्पादक, रावेर तालुका)

थांबणार नाही, आणि त्यातून नवीच समस्या उभी राहू शकते. काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळीत बहुधा एकच प्रौढ नर असतो, म्हणून तोच राजा आणि बाकी सगळी प्रजा असा आपला समज होतो. प्रत्यक्षात टोळीचा कायमचा गाभा म्हणजे माद्या. त्या जन्मल्या त्याच टोळीत राहतात. पाणी कोठे, कोणते झाड कोणत्या महिन्यात फळते, कोणती बाग रखवालीविना असते, ही माहिती त्यांच्यापाशी असते. नर मात्र येतो आणि जातो. बाहेर नरांच्या वेगळ्या टोळ्या फिरत असतात, त्यांतला एखादा जुन्या नराला हुसकावून जागा घेतो. आपण नर पकडून नेला तर ती जागा लवकरच भरली जाईल. नवा नर आल्यावर अंगावर पिणारी पिल्ले मारली जाण्याचे प्रकार घडतात. जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ आणि सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर ते नोंदवले. शिवाय वानर हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येणारा प्राणी असल्याने त्याला परस्पर पकडणे बेकायदेशीरही आहे.

माद्यांमध्येही उतरंड असते, आणि ती लालतोंड्या माकडांच्या उतरंडीहून फार निराळी आहे. लालतोंड्या माकडांमध्ये, विशेषतः ऱ्हीसस आणि जपानी माकडांमध्ये, मुलगी आईच्या खालोखाल जागा मिळवते आणि धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते; घराण्याचा दर्जा असा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. वानरांमध्ये तरुण माद्या वर चढतात आणि वय होईल तशा खाली उतरतात. आपल्या तापीचा येथे उल्लेख केला पाहिजे : दक्षिणेकडील टोपी माकडाची पश्चिम भारतातील उत्तर सीमा परंपरेने तापी हीच मानली जाते आणि तिच्या पलीकडे ऱ्हीसस माकडाचा मुलूख सुरू होतो. काळ्या तोंडाचे वानर मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर आढळते.

म्होरक्याने शिकवले म्हणजे टोळी शिकते, असेही नाही. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीने रताळी पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. ती सवय तिच्या खेळगड्यांत, आईत आणि जवळच्या नात्यात पसरली. प्रौढ नर सर्वांत मागे राहिले, अनेकांनी ती कधी उचललीच नाही. आपल्या बागेची वाट टोळीला नराने दाखवली असेल, यापेक्षा ती माद्यांच्या आणि पिल्लांच्या पावलांनी रुळली असण्याचा संभव अधिक आहे.

फटाक्यांचे अपयश हाही शिकण्याचाच परिणाम आहे. आवाज होतो, पण त्यामागून काहीच येत नाही, हे काही दिवसांत ध्यानात येते आणि भय उतरते. त्याहून वाईट म्हणजे बरेच रखवालदार वानरे घडापर्यंत पोहोचल्यावर, चार केळी पोटात गेल्यावर आरडाओरड करतात. तोवर वानराला फळ मिळून गेलेले असते आणि पुढच्या वेळी येण्याचे कारणही पक्के झालेले असते. टोळी बांधावर दिसताच, काहीही तोंडात पडण्याआधी, माणसांनी पुढे होऊन ती परतवावी. साधने आणि वेळा बदलत्या ठेवाव्यात. कापणीनंतरची टाकाऊ केळी बागेत पडू देऊ नयेत. यात मनुष्यबळ लागते आणि शेजारच्या बागाईतदारांचे सहकार्यही लागते, हे मान्य आहे. एकट्याच्या बागेतून परतवलेली टोळी शेजारच्या बागेत जेवली, तर ती दोन दिवसांनी आपल्याकडे परत येतेच.

घरच्या कुत्र्याला आपण ‘अल्फा’, म्हणजे कळपाचे म्होरके, आहोत हे दाखवण्यासाठी त्याला उताणे पाडून दाबून धरावे, असे एका प्रशिक्षकाने सांगितले. हे योग्य आहे का? (एक वाचक, जळगाव)

नाही. या सल्ल्याचे मूळ लांडग्यांच्या एका जुन्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले लांडगे पाहून १९४७ मध्ये लिहिले, की कळपात वरच्या जागेसाठी सतत झगडा चालतो. अमेरिकन लांडगातज्ज्ञ डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे ही कल्पना सर्वदूर गेली. पुढे मेच यांनीच १९८६ पासून कॅनडाच्या उत्तर टोकावरील एल्समीर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते : आई, बाप आणि त्यांची मागच्या एक-दोन वर्षांची पिल्ले. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणून. कोणाला चीत करून त्यांनी ती जागा जिंकलेली नसते. कोंडलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांवरून काढलेला निष्कर्ष आधी सगळ्या लांडग्यांना लावला गेला, आणि मग कुत्र्याला.

गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये उतरंड नसते असे मात्र नाही. रोममधील मोकाट कुत्र्यांच्या अभ्यासात ती दिसली आहे. पण माणूस हा त्या उतरंडीतला एक कुत्रा आहे असे कुत्रा मानतो, याला आधार नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २००९ च्या एका पाहणीत कुत्र्याला उताणे पाडणे, रोखून पाहणे, मारणे अशा उपायांवर कुत्र्यांकडूनच आक्रमक प्रतिसाद आल्याचे अनेक मालकांनी सांगितले. कुत्रा शिकतो ते वेळेवर मिळालेल्या बक्षिसातून. माणसाकडे पाहून अर्थ लावण्याची त्याची तयारी तर उपजतच मोठी असते : कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने बंगालमधील मोकाट कुत्र्यांसमोर नुसते बोट दाखवून पाहिले, आणि कोणी कधी न शिकवलेल्या या कुत्र्यांपैकी जी जवळ आली त्यांतील बहुतेक दाखवलेल्या दिशेला गेली.

सारंगखेड्याच्या यात्रेतील नाचणारे घोडे पाहिले. घोड्याला मालकाचे बोलणे समजते का? आणि एक घोडा दुसऱ्याकडे पाहून शिकतो का? (एक विद्यार्थिनी, शहादा)

बोलण्यापेक्षा त्याला अंग अधिक समजते. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खूर आपटून देत असे आणि १९०४ मध्ये त्याची तपासणी करायला समितीही बसली होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि घोडा तेथे थांबे. मालक फसवत नव्हता. त्यालाही हे ठाऊक नव्हते. घोड्याला गणित येत नव्हते हे खरे, पण माणसाच्या डोक्याची एवढीशी हालचाल टिपणे हे मला गणिताहून कमी वाटत नाही. यात्रेत पुन्हा गेलात तर घोड्याच्या पायांऐवजी थोडा वेळ त्याला नाचवणाऱ्याचे हात, खांदे आणि लगाम पाहा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर. जर्मनीतील कोन्स्टान्झे क्र्यूगर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात घोड्यांनी माणसामागून चालण्याचे वर्तन उचलले ते ओळखीच्या आणि आपल्याहून वरचढ घोड्याला तसे करताना पाहिल्यावर; खालच्या दर्जाच्या घोड्याचे त्यांनी अनुकरण केले नाही. कोणाकडून शिकायचे हेही उतरंडीवरून ठरते.

गांधीलमाश्यांच्या पोळ्यातली राणी सर्वांत आक्रमक असते का? (एक वाचक, चोपडा)

जातीजातीवर अवलंबून आहे. युरोप-अमेरिकेतील कागदी पोळी करणाऱ्या बऱ्याच गांधीलमाश्यांमध्ये राणी मारामारी करूनच ती जागा घेते आणि राखते. आपल्याकडे घराच्या वळचणीला दिसणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीत मात्र राणी पोळ्यातील शांत माश्यांपैकी असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके या जातीचा अभ्यास केला आहे. राणी काढून घेतली की थोड्याच वेळात एक कामकरी माशी एकाएकी कमालीची आक्रमक होते, इतरांना चावते, ढकलते. काही दिवसांत तिची अंडी घालण्याची क्षमता वाढते, तिची आक्रमकता ओसरते आणि ती नवी शांत राणी होते. ही वारसदार आधी कोण असेल हे तिच्या आकारावरून किंवा वागण्यावरून अभ्यासकांना सांगता येत नाही. तरी तिने पुढे पाऊल टाकल्यावर दुसरी कोणी तिला आव्हान देत नाही. अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी २००८ मध्ये पोळ्याचे मध्ये जाळी लावून दोन भाग केले, राणी या भागातून त्या भागात हलवून पाहिली आणि त्यावरून अनुमान काढले, की वारसदार कोण हे माश्यांना आधीच ठाऊक असते. ते त्यांना कोणत्या खुणेवरून कळते, हा शोध त्यानंतरही चालू राहिला.